मोजके सेन्सर आणि डॅम्पर बिघडल्याची वारंवार येणारी सूचना

उंच इमारतींमधील कंपन शमवणाऱ्या यंत्रणांच्या, म्हणजे डॅम्परांच्या, देखरेखीत एक तक्रार सतत येत राहते. गच्चीलगतच्या मजल्यावर एक किंवा दोन त्वरणमापक असतात, त्यांच्या नोंदींवरून संगणक दर दहा मिनिटांनी इमारतीचे डॅम्पिंग, म्हणजे डोलणे विरत जाण्याचे प्रमाण, किती टक्के आहे हे सांगतो, आणि तो आकडा सकाळी ३, दुपारी १.२, रात्री ५ असा वरखाली होत राहतो. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की धोक्याची सूचना येते, देखभालीची माणसे डॅम्परच्या खोलीत जाऊन सगळे पाहून येतात, काही सापडत नाही म्हणून सूचना बंद करतात, आणि पुढच्या वाऱ्याला ती पुन्हा सुरू होते. काही ठिकाणी याच्या अगदी उलट घडते : आकडा वर्षभर ६ टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून बसतो, सगळे निर्धास्त राहतात, आणि वार्षिक तपासणीत कळते की डॅम्परचे वस्तुमान, म्हणजे त्यातला हलणारा जड भाग, मागच्या दुरुस्तीत त्याला जखडण्यासाठी घातलेल्या लॉक पिनवर तसेच अडकून होते.

दोन्ही प्रसंगी सेन्सर कमी आहेत असे निदान केले जाते आणि आणखी दहा-बारा त्वरणमापकांचे अंदाजपत्रक तयार होते. माझ्या मते बहुतेक इमारतींना त्याची गरज नसते. इमारतीच्या डॅम्पिंगवरून डॅम्परची तब्येत ओळखायचा हा मार्गच लांबचा आणि निसरडा आहे. डॅम्पर आणि तो ज्या मजल्यावर आहे तो मजला यांच्यातील सापेक्ष हालचाल मोजली, तर दोन सेन्सर पुरतात आणि उत्तर कितीतरी स्पष्ट मिळते. मात्र आधी हातात असलेला आकडा तपासून घेणे भाग आहे, कारण सूचना त्यावरूनच येते.

हिशोबासाठी २०० मीटर उंचीचा एक मनोरा धरू. प्रत्यक्ष मोजलेल्या इमारतींवरून बसवलेला एक ढोबळ नियम असा की ४६ ला उंचीने (मीटरमध्ये) भागले की पहिली नैसर्गिक वारंवारता मिळते. म्हणजे येथे ०.२३ हर्ट्झ, आणि एका दोलनाला सुमारे ४.३५ सेकंद. मनोऱ्याचे स्वतःचे डॅम्पिंग १ टक्का, आणि माथ्याजवळ पहिल्या दोलनप्रकारातील (डोलण्याच्या सर्वांत मंद प्रकारातील) प्रभावी वस्तुमानाच्या १ टक्का वजनाचा ट्यून्ड मास डॅम्पर, म्हणजे इमारतीच्या तालाशी जुळवलेले हलते वस्तुमान, आहे असे समजू. कंपनांचे अभ्यासक डेन हार्टॉग यांच्या परिचित सूत्रांनुसार त्याची वारंवारता इमारतीच्या ०.९९ पट आणि त्याचे स्वतःचे डॅम्पिंग सुमारे ६ टक्के असावे लागते. तो नीट चालला तर वाऱ्यात इमारतीला साधारण अडीच टक्क्यांची भर घालतो. शोधायचा फरक इतकाच आहे : एकूण साडेतीन टक्के की नुसता एक.

आता दहा मिनिटांची नोंद घ्या. तिच्यात अशी केवळ १३८ दोलने बसतात. गणनेची पद्धत निर्दोष असली, सेन्सरला गोंगाट नसला आणि वारा एकसारखा वाहत असला, तरी १३८ दोलनांवरून काढलेल्या १ टक्का डॅम्पिंगमध्ये प्रमाण विचलन, म्हणजे आकड्याचे नेहमीचे वरखाली होणे, त्या आकड्याच्याच सुमारे ३४ टक्के राहते. ही मर्यादा यादृच्छिक वाऱ्यामुळे येते आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती ओलांडू शकत नाही. तीन तासांची सलग नोंद घेतली तर विचलन ८ टक्क्यांवर येते, पूर्ण दिवसाची घेतली तर ३ टक्क्यांच्या खाली. म्हणून दर दहा मिनिटांनी डॅम्पिंग छापणारा आणि त्यावर सूचना देणारा संच खोट्या सूचना देणारच. तो आकडा तीन तासांच्या, शक्यतो वारा फारसा न बदललेल्या, सलग नोंदींवरून काढावा आणि त्यासोबत विचलनही छापावे, एवढा एक बदल केला तरी निम्म्याहून अधिक तक्रारी शांत होतात.

न हलणाऱ्या आकड्याचे कारण वेगळे आहे आणि ते अधिक धोकादायक आहे. अनेक संच स्पेक्ट्रमवरील (कोणत्या वारंवारतेचे कंपन किती हे दाखवणाऱ्या आलेखावरील) शिखराची रुंदी मोजून डॅम्पिंग काढतात आणि स्पेक्ट्रमसाठी मूळ सेटिंगप्रमाणे १०२४ बिंदूंचे तुकडे वापरतात. सेकंदाला २० नोंदी असतील तर असा तुकडा ५१.२ सेकंदांचा होतो आणि स्पेक्ट्रममधील दोन लगतच्या रेषांत ०.०१९५ हर्ट्झ अंतर पडते. हॅनिंग विंडो (तुकड्याची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर नेणारी नेहमीची पद्धत) वापरल्यावर कितीही टोकदार शिखर असले तरी ते किमान ०.०२८ हर्ट्झ रुंद दिसते. आपल्या मनोऱ्याच्या १ टक्का डॅम्पिंगच्या शिखराची खरी रुंदी ०.००४६ हर्ट्झ आहे. ०.०२८ ला ०.२३ च्या दुपटीने भागले की ६.१ टक्के येतात, आणि वर्षभर ठाण मांडून बसलेले ६ टक्के ते हेच. डॅम्पर मोकळा असो वा अडकलेला, हे उत्तर फारसे बदलत नाही, कारण येथे तुकड्याची लांबी मोजली जात असते. तपासणी सोपी आहे. तीच मूळ नोंद तुकड्याची लांबी दुप्पट, चौपट करत पुन्हा चालवावी. डॅम्पिंग प्रत्येक वेळी निम्मे-निम्मे होत गेले तर आधीचा आकडा निरर्थक होता. ३२,७६८ बिंदूंचा, म्हणजे सुमारे २७ मिनिटांचा तुकडा या मनोऱ्यासाठी योग्य आहे. त्याहून लहान तुकडे घ्यायचे असतील तर शिखराच्या रुंदीची पद्धतच सोडावी.

डॅम्पर उत्तम चालत असताना एक घोटाळा आणखी होतो. जोडीने डोलणाऱ्या इमारतीचे आणि डॅम्परचे मिळून दोन जवळचे दोलनप्रकार तयार होतात, आणि मोकळ्या दोलनांचा ऱ्हास एकसारखा उतरत न जाता मध्येच फुगून पुन्हा ओसरतो. अशा आलेखावर एकच घातांकी वक्र बसवून काढलेले डॅम्पिंग वाटेल ते येऊ शकते.

आकड्याच्या हिशोबात खोट नसेल तर सेन्सर हातात घ्यावा, आणि हे मी शब्दशः म्हणतो. कारखान्यातील यंत्रांसाठी बनवलेले पायझो (दाबाने वीज देणाऱ्या स्फटिकाचे) त्वरणमापक इमारतींत बसवलेले वारंवार आढळतात. त्यांची श्रेणी बहुधा अर्ध्या हर्ट्झच्या वर सुरू होते, आणि आपला मनोरा ०.२३ वर डोलतो. सेन्सर सोडवून तळहातावर सपाट धरावा, स्क्रीनवरचा आकडा पाहावा आणि सेन्सर सावकाश उलटा करावा. इमारतीसाठी योग्य असलेला सेन्सर +१ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) वरून −१ जी वर जातो आणि उलटा धरलेला असेपर्यंत तिथेच थांबतो. यंत्रांचा सेन्सर एक झटका दाखवून काही सेकंदांत शून्याकडे घसरत येतो. तो घसरला की त्याच्या आजवरच्या मंद वारंवारतेच्या नोंदींवर विसंबू नये.

याच वेळी सेन्सर कुठे बसवला होता तेही पाहावे. फॉल्स सीलिंगच्या पत्र्यावर, जिप्समच्या भिंतीवर किंवा लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसवलेला सेन्सर इमारतीपेक्षा त्या पत्र्याची आणि मोटारीची कंपने अधिक ऐकतो. छतावरच्या पंपांबाबत एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतातील ५० हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांची मोठी मोटार मिनिटाला सुमारे १,४८५ फेरे करते, म्हणजे २४.७५ हर्ट्झ. सेकंदाला २५ नोंदी घेणाऱ्या आणि योग्य फिल्टर नसलेल्या संचात ही धडधड ०.२५ हर्ट्झवर, थेट इमारतीच्या शिखराशेजारी, उमटते. वारा पडलेल्या रात्रीही तितकेच ठळक राहणारे आणि पंप बंद करताच नाहीसे होणारे शिखर दिसले तर ते हेच समजावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डॅम्परच्या वस्तुमानाची मजल्याच्या तुलनेतील हालचाल आणि त्या मजल्याची स्वतःची हालचाल यांचे गुणोत्तर हे केवळ डॅम्परच्या वारंवारतेवर आणि त्याच्या डॅम्पिंगवर अवलंबून असते. इमारतीत किती लोक राहायला आले, टाक्या भरल्या आहेत का, वारा कुठून आहे, ऊन किती आहे, यांचा त्या गुणोत्तराशी संबंध नाही. या सर्व गोष्टी मजल्याची हालचाल बदलतात, पण मजल्याने डॅम्परला दिलेल्या हालचालीला डॅम्पर काय उत्तर देतो हे डॅम्परचे स्वतःचेच असते. मोजके सेन्सर असणाऱ्याला याहून मोठी सवलत मिळणार नाही.

आपल्या मनोऱ्यात ही सवलत किती उपयोगी पडते ते पाहा. सुस्थितीतील डॅम्परचे वस्तुमान स्वतःच्या वारंवारतेवर मजल्याच्या साधारण आठपट हलते आणि पाव दोलनाने, म्हणजे ९० अंशांनी, मजल्याच्या मागे राहते. डॅम्परची वारंवारता अवघी ३ टक्क्यांनी उतरली तर त्याच वारंवारतेवर हे अंतर ९० वरून सुमारे ११६ अंशांवर जाते. ३ टक्क्यांनी चढली तर ते ६४ अंशांच्या आसपास येते. इमारतीच्या डॅम्पिंगच्या आकड्यात एवढा बदल शोधायला आठवडे गेले असते. अंतर ९० च्या जवळ असूनही आठपटीऐवजी चारपटच हालचाल दिसली, तर डॅम्परमधील घर्षण वाढले आहे किंवा त्याला जोडलेले तेलाचे डॅम्पर (तेल भरलेले सिलिंडर) अधिक ताठ झाले आहेत. सापेक्ष हालचाल शून्याच्या जवळ असेल तर वस्तुमान अडकले आहे. तेव्हा सर्वांत आधी लॉक पिन पाहाव्यात, त्यानंतर मार्गदर्शक रुळांवरची धूळ, गंज आणि एखाद्या कंत्राटदाराने मधल्या जागेत ठेवून दिलेले सामान.

सापेक्ष हालचाल मोजायला तारेचा विस्थापनमापक किंवा लेझरचा अंतरमापक पुरेसा आहे, आणि खोलीत दिवा लागत असेल तर वस्तुमानावर एक ठळक खूण चिकटवून भिंतीवर बसवलेला साधा कॅमेराही काम भागवतो. दुसरा त्वरणमापक वस्तुमानावर बसवून वजाबाकी करणेही चालते, पण डॅम्पर एकाच दांड्यावर लटकलेला लंबक असेल तर तसे करू नये. दांड्यासोबत वस्तुमान कलते, गुरुत्वाकर्षणाचा घटक त्वरणातून जवळजवळ पूर्ण वजा होतो आणि जोरात झुलणारा डॅम्पर सेन्सरला निश्चल दिसतो. चार कोपऱ्यांच्या समांतर दोरांवर सपाट राहणाऱ्या वस्तुमानाला ही अडचण नाही.

दोन्ही सेन्सरांची घड्याळे एक असणे मात्र अत्यावश्यक आहे. वेगवेगळ्या संचांतील घड्याळांमध्ये दशलक्षात दहा भागांचा फरक असेल तर दिवसाकाठी ०.८६ सेकंदांची तफावत पडते, आणि ४.३५ सेकंदांच्या दोलनात ती ७१ अंशांएवढी होते. संध्याकाळपर्यंत ठणठणीत डॅम्पर बिघडलेला दिसू लागतो आणि मध्यरात्री घड्याळे जुळवली की पुन्हा बरा होतो. रोज ठरावीक वेळी येणारी सूचना हे याचेच लक्षण आहे. दोन्ही सेन्सर एकाच नोंदयंत्राला जोडावेत. ते शक्य नसेल तर इंटरनेटवरून दर तासाला वेळ जुळवून घ्यावी, एवढ्या मंद दोलनांसाठी ती अचूकता भरपूर आहे.

विजेशिवाय चालणारी एक युक्तीही मी प्रत्येक इमारतीत करायला सांगतो. तेलाच्या डॅम्परच्या चकचकीत दांड्यावर घट्ट बसणारी एक रबरी रिंग चढवावी आणि ती सिलिंडरच्या तोंडाला टेकवून ठेवावी. दांडा आत जातो तेव्हा रिंग मागे ढकलली जाते आणि तिथेच राहते. वादळानंतर सिलिंडरचे तोंड आणि रिंग यांतील अंतर पट्टीने मोजले की त्या बाजूची कमाल हालचाल मिळते. दांडा पुसायला घेतलेले फडके काळपट तेलकट झाले तर सील गळायला लागले आहे, हेही त्याच फेरीत कळते.

आपल्याकडील काही मनोऱ्यांत वस्तुमानाच्या जागी पाण्याची टाकी असते, आणि तेथे सर्वांत उपयुक्त सेन्सर म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारा काचेचा नळा. डोलण्याच्या दिशेने ८ मीटर लांबीच्या टाकीत दीड मीटर पाणी असेल तर ते ०.२२७ हर्ट्झने हिंदकळते. पातळी २० सेंटिमीटरने उतरून १.३ मीटरवर आली की वारंवारता ०.२१४ होते, म्हणजे जवळपास ६ टक्क्यांची घट, आणि एवढ्या घटीने डॅम्पर म्हणून तिचा उपयोग मोठ्या प्रमाणात संपतो. उन्हाळ्यातील बाष्पीभवन, गळका वॉल्व्ह, टाकी धुतल्यावर अंदाजाने भरलेले पाणी, किंवा अग्निशमनासाठीही तीच टाकी वापरली जात असल्याने चाचणीनंतर न भरलेली तूट, यांपैकी कोणतेही कारण पुरते. पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, म्हणजे डॅम्परची गरज लागण्याच्या नेमक्या वेळी, पातळी सर्वांत खाली असते. टाकीच्या भिंतीवर मंजूर पातळीची रेघ रंगवून घ्यावी, तिच्या वर-खाली ५ सेंटिमीटरच्या दोन रेघा माराव्यात आणि त्यांच्या बाहेर पाणी गेले की भरण्याची किंवा काढण्याची जबाबदारी कोणाची हे सोसायटीच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.

डॅम्पर निर्दोष ठरूनही रहिवाशांना कंपने जाणवत असतील तर ती कंपने कोणत्या वारंवारतेची आहेत हे विचारावे. १८ मे २०२१ रोजी चीनमधील शेन्झेन येथील सेग प्लाझा ही साडेतीनशे मीटरहून उंच इमारत अचानक हलू लागली आणि हजारो लोक रस्त्यावर धावले. त्या दिवशी ना भूकंप होता ना वादळ. छतावरील जुन्या मस्तुलाभोवती वाऱ्याचे भोवरे सुटून मस्तूल कंप पावत होते, आणि त्याचा ताल इमारतीच्या वरच्या एका दोलनप्रकाराशी, सुमारे २.१ हर्ट्झवर, जुळला होता. मस्तूल काढल्यावर प्रश्न मिटला. पहिल्या दोलनप्रकारासाठी जुळवलेला डॅम्पर अशा वेळी काहीच करू शकत नाही, आणि तो त्याचा दोष नव्हे. पिळाच्या दोलनांचेही तसेच. इमारतीच्या मध्यभागी, लिफ्टच्या गाभ्यात बसवलेल्या एकमेव त्वरणमापकाला पीळ दिसतच नाही, आणि कोपऱ्यातील फ्लॅटमध्ये मात्र तो सर्वाधिक जाणवतो. म्हणून तिसरा सेन्सर घ्यायचा असेल तर तो त्याच मजल्यावर विरुद्ध टोकाला, पहिल्याच्या समांतर दिशेत बसवावा. दोघांची बेरीज सरळ डोलणे दाखवते आणि वजाबाकी पीळ दाखवते. खालच्या मजल्यांवर सेन्सर पसरण्यापेक्षा या एका जोडीतून अधिक कळते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या आतील मार्गिकेत असलेल्या एका त्वरणलेखकाची नोंद जगभरातील धरण अभियंते आजही हिशोबाला घेतात. उपकरणाची जागा बरोबर असली की एकटे उपकरणही किती काम करते याचा हा आपल्या मातीतला दाखला आहे.

शांत हवेत डॅम्पर न हलणे हा बिघाड असेलच असे नाही, हेही सूचना ठरवताना लक्षात घ्यावे. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीतील सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा दाबाने सोडलेल्या तेलाच्या थरावर सरकतो. तेलाचा पंप चालू झाल्याशिवाय तो हलत नाही आणि पंपाला वीज लागते. अशा यंत्रणेत वीजपुरवठ्याची स्थिती आणि तेलाचा दाब हेच पहिले दोन सेन्सर मानावेत. मजल्यांमध्ये तिरपे बसवलेल्या तेलाच्या डॅम्परांबाबत त्यांच्या सांध्यांच्या पिनांमधील फटीकडे पाहावे : रोजच्या वाऱ्यात दोन मजल्यांतील सापेक्ष हालचाल मिलिमीटरच्या आत असते, आणि तेवढी फट पिनेतच असेल तर पिस्टनपर्यंत काही पोहोचत नाही. तैपेई १०१ मधील ६६० टनांचा लंबक ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात मधल्या स्थितीपासून तब्बल १ मीटरपर्यंत झुलला, पण शांत दिवशी पर्यटकांना तो स्थिर भासतो. म्हणून सूचनेची अट मजल्याच्या त्वरणाशी बांधावी. मजल्याचे त्वरण ठरावीक उंबरठ्याच्या वर तीन तास राहिले असेल तेव्हाच गुणोत्तर आणि फेजमधील अंतर (डॅम्पर मजल्याच्या किती अंश मागे आहे ते) काढावे. एरवी ‘वारा अपुरा, निष्कर्ष नाही’ असे स्पष्ट छापावे.

उंबरठा सेन्सरच्या गोंगाटावरून ठरतो. ०.२३ हर्ट्झवर १ मिलिमीटर हालचाल म्हणजे सुमारे ०.२१ मिलि-जी त्वरण. त्या वारंवारतेच्या पट्ट्यात सेन्सरचा स्वतःचा गोंगाट याच्या दहाव्या भागाहून अधिक असेल तर उंबरठा त्या प्रमाणात वर न्यावा लागेल.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असा भरपूर वारा वर्षातून थोडेच दिवस मिळतो. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या वादळांच्या काळातील मूळ नोंदी ज्यांनी जपल्या, त्यांच्याकडे आज तुलनेसाठी सोन्यासारखा साठा आहे. अनेक संच मात्र दहा मिनिटांचे सारांश ठेवून मूळ नोंदी तीस दिवसांनी पुसतात. ही सेटिंग आजच बदलावी. सेकंदाला २० नोंदींचे तीन मार्ग (चॅनेल), प्रत्येक नोंद चार बाइटची धरली, तर वर्षाला जेमतेम साडेसात जीबी होतात. प्रत्येक फाइलसोबत त्या दिवशीची पाण्याची पातळी, लॉक पिनांची स्थिती आणि डॅम्परच्या खोलीचे तापमान यांची एक ओळ असावी. दुरुस्तीनंतर तक्रार बंद करण्यापूर्वी उंबरठ्यावरच्या वाऱ्यातील किमान एक तीन तासांची नोंद मिळेपर्यंत थांबावे, मग त्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत वेळ लागला तरी चालेल. तोवर नोंदवहीत त्या तक्रारीपुढे ‘दुरुस्त’ असे न लिहिता ‘वाऱ्यातील पडताळणी बाकी’ असे लिहावे.